पत्र्याच्या गोदामांत बिनतारी सेन्सर

माळशिरस तालुका हा मूळचा कमी पावसाचा मुलूख. भाटघरचें धरण १९२८ सालीं पुरें झालें, निरेच्या उजव्या कालव्याचें पाणी या बाजूस खेळूं लागलें, आणि पाण्यामागून ऊंस व उंसामागून कारखाने आले. सासवडकडील माळी बागाइतदारांनीं १९३२ सालीं आपसांत भांडवल उभारून माळीनगरचा कारखाना काढला. १९३४ सालीं स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना श्रीपूर येथें उभा राहिला. पुढें अकलूजजवळ शंकरनगर येथें व सदाशिवनगर येथें सहकारी कारखाने निघाले. पीक उभें करण्याची विद्या या तालुक्यानें अशा रीतीनें चांगली हस्तगत केली आहे. परंतु पिकविलेला माल राखण्याची विद्या निराळी असून, तिजकडेहि तितकेंच लक्ष पुरविणें आतां अवश्य झालें आहे.

हा माल हल्लीं बहुतेक पत्र्याखालीं राहतो. साखरेचीं गोदामें, सोसायट्यांच्या वखारी, शेतकरी कंपन्यांचीं धान्य निवडण्याचीं शेडें, कोंबड्यांचीं घरें, डाळिंब ठेवण्याचीं शीतगृहें, हीं सर्व लोखंडी सांगाड्यावर पत्रा चढवून उभीं केलेलीं असतात. असें बांधकाम लवकर होतें व दगडी भिंतींपेक्षां स्वस्त पडतें, म्हणून तें रूढ झालें. त्यांत ठेवलेला माल पुष्कळदां गहाणहि असतो. राज्य कृषि पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू असून, तींत गोदामांत ठेवलेल्या बहुतेक मालाच्या किंमतीच्या पाऊण हिश्शापर्यंत शेतकऱ्यास कर्ज मिळतें. भाव येईपर्यंत माल थांबवावा व मधल्या काळांत गरज भागवावी, हा त्यांतील हेतु आहे. अर्थात् तोपर्यंत माल शाबूत राहिला पाहिजे. मक्यास बुरशी आली किंवा ज्वारीस कीड लागली, तर वाढलेल्या भावाचा उपयोग होत नाहीं, आणि कर्ज मात्र अंगावर उरतें.

या रखवालीसाठीं बिनतारी सेन्सर बाजारांत आले आहेत. काड्याच्या पेटीएवढी किंवा फार तर साबणाच्या वडीएवढी डबी. ती हवेंतील उष्णता व ओलावा मोजते आणि ठराविक वेळानें तो आंकडा तारेवांचून गेटवे नांवाच्या मुख्य यंत्राकडे पाठविते. गेटवे तो पुढें मोबाईलवर पोंचवितो. विक्रेता उघड्या मैदानांत ही डबी कोस दीड कोस दूर नेऊन तिचा संदेश येतो हें दाखवितो, आणि सभासद थक्क होतात. तीच डबी पत्र्याच्या गोदामांत टांगून दार लावलें म्हणजे पन्नास पावलांवरील कचेरींत तिचा संदेश पोंचत नाहीं, असा अनुभव येऊं शकतो. असें कां होतें, त्यावर उपाय कोणते, आणि पैसे देण्यापूर्वी सभासदांनीं कोणती परीक्षा घ्यावी, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मोजावयाचें काय?

आधीं या डबीपासून कोणता लाभ व्हावयाचा तें पाहूं. मका, ज्वारी यांसारखें धान्य सुमारें १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून ठेविलें तर तें टिकतें. परंतु वाळलेलें धान्यहि भोंवतालच्या हवेंतून ओल ओढून घेतें. हवेंतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली म्हणजे बुरशीला वाव मिळतो. साखरेचीहि हीच गोष्ट. ओल्या हवेंत तिच्या दाण्यांवर पाकाचा अति पातळ थर येतो, आणि हवा पुन्हां कोरडी झाली कीं तो थर सुकून दाणे एकमेकांस चिकटतात. पोत्यांत ढेपा बनतात त्या अशा.

पत्र्याच्या इमारतींत याशिवाय आणखी एक शत्रु असतो. रात्रीं आभाळ निरभ्र असतां पत्रा हवेपेक्षां लवकर निवतो. आंतील हवा २५ अंश व तिची आर्द्रता ८० टक्के असेल, तर पत्रा सुमारें २१ अंशांपर्यंत उतरतांच त्याच्या आंतल्या अंगास दंव जमूं लागतें. पत्र्यास घाम सुटला असें आपण म्हणतों तो हाच. हे थेंब वरच्या थरांतील पोत्यांवर गळतात, आणि दार उघडून खालचीं पोतीं पाहणाऱ्या रखवालदारास त्यांचा पत्ता लागत नाहीं. धान्याच्या राशीच्या पोटांतील उष्णता हीहि अशीच लपलेली असते. कीड व बुरशी जेथें वाढते तेथें ऊब उत्पन्न होते. वास येण्यापूर्वीं पुष्कळ दिवस ही ऊब उष्णतामापकास कळूं शकते. कारखान्यांत बगॅसचे ढीग आंतून तापतात, यंत्रांचे बेअरिंग झिजूं लागले म्हणजे गरम होतात. तेथेंहि पहिली सूचना उष्णतेचीच मिळते. म्हणून हीं मापकें उपयोगाचीं आहेत यांत संशय नाहीं. प्रश्न एवढाच कीं, त्यांनीं मोजलेलें आपल्यापर्यंत पोंचतें कीं नाहीं.

लहर पत्र्याशीं कां अडते?

बिनतारी संदेश विजेच्या व चुंबकत्वाच्या लहरींवरून जातो. आचार्य जगदीशचंद्र बसु यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास प्रयोग करून दाखविला, त्यांत या लहरी भिंतींतून पार गेल्या व पलीकडे ठेवलेली घंटा त्यांनीं वाजविली. वीट, लांकूड, काच, कोरडी माती यांतून लहर थोडीबहुत क्षीण होऊन जाते. धातूची गोष्ट मात्र निराळी. धातूंत विजेचे सूक्ष्म कण मोकळे असतात. लहर येऊन आदळतांच ते तिच्या तालावर हालूं लागतात, आणि त्या हालचालीनें उलट दिशेची लहर उत्पन्न होऊन मूळची लहर मागें परतते. इंग्लंडांत मायकेल फॅरडे यांनीं १८३६ सालीं धातूचा पातळ पत्रा मढवून एक खोलीएवढा पेटारा केला, बाहेरून त्यावर विजेच्या ठिणग्या सोडल्या, आणि आंत विजेचा मागमूस लागत नाहीं असें दाखविलें. आपलें पत्र्याचें गोदाम हा त्याच पेटाऱ्याचा मोठा अवतार होय.

जाड पत्र्याऐवजीं पातळ पत्रा घेतल्यानें कांहीं साधेल, असें कोणी समजूं नये. या सेन्सरांच्या लहरी जस्ताच्या थरांत एका मिलिमीटरच्या सुमारें अडीचशेव्या भागाइतक्या शिरतां शिरतांच विरूं लागतात. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा त्यांस डोंगरासारखा आहे. शीतगृहाच्या पफ पॅनेलला दोन्ही अंगांनीं पत्रा असतो, त्यामुळें तेथें हा प्रतिबंध दुहेरी होतो. कित्येक ठिकाणीं ऊन कमी लागावें म्हणून छपराखालीं ॲल्युमिनियमची चकचकीत चादर ताणतात. तीहि लहरीस पत्र्याइतकीच अडविते.

मग पत्र्याच्या इमारतींतून कधीं कधीं संदेश बाहेर येतो तो कसा? तो फटींतून, दारांतून, धुराड्यासारख्या वायुवीजांतून, आणि उजेडासाठीं बसविलेल्या फायबरच्या पत्र्यांतून येतो. येथें लहरीची लांबी लक्षांत घेतली पाहिजे. वायफाय व ब्लूटूथ यांची लहर २,४०० मेगाहर्ट्झची, म्हणजे सुमारें साडेबारा सेंटिमीटर लांब असते. लोरा नांवाच्या पद्धतीची आपल्या देशांतील लहर ८६६ मेगाहर्ट्झच्या आसपासची, म्हणजे सुमारें पस्तीस सेंटिमीटर लांब. लहरीच्या लांबीच्या मानानें जें भोंक फार लहान, त्यांतून ती जवळजवळ जात नाहीं. म्हणून स्क्रूच्या भोंकांचा उपयोग नाहीं. उंदीर व पांखरें यांसाठीं खिडकीस बसविलेली बारीक लोखंडी जाळी आपणांस उघडी दिसते, वारा तिच्यांतून जातो, परंतु लहरीच्या दृष्टीनें ती बहुतेक भिंतच होय. याच्या उलट फायबरचा एक आखा पत्रा लहरीस खिडकीप्रमाणें मोकळा असतो.

वाचकांस ही गोष्ट स्वतः पडताळून पाहतां येईल. आपला मोबाईल घेऊन भरदिवसा गोदामांत जावें, दारें लावून घ्यावीं, आणि मोबाईलवरील रेघा कोठें किती उरतात तें चालत चालत पाहावें. जेथें एकहि रेघ राहत नाहीं तें गोदाम चांगलें बंदिस्त आहे असें समजावें. त्यांतील सेन्सरनें थेट बाहेरच्या गेटवेशीं बोलावें, ही अपेक्षा सोडून द्यावी.

आंतील प्रतिध्वनि

बाहेर जाऊं न शकलेली लहर आंतल्या आंत भिंतींवर आपटत फिरते. रिकाम्या गोदामांत हांक मारली असतां आवाज घुमतो, तसाच हा प्रकार आहे. त्यापासून एक लाभ व एक तोटा होतो. लाभ असा कीं, पोत्यांच्या थप्पीआड, खांबाआड ठेवलेल्या डबीचा संदेशहि छपरावरून व भिंतींवरून परतून, त्याच इमारतींत असलेल्या गेटवेपर्यंत वळसा घेऊन पोंचतो. तोटा असा कीं, अनेक वाटांनीं आलेल्या लहरी कांहीं ठिकाणीं एकमेकींस बळ देतात व कांहीं ठिकाणीं एकमेकींस मारतात. अशा मृत जागीं टांगलेली डबी मुकी होते, आणि तिच्याच शेजारची डबी खणखणीत बोलते.

ही मृत जागा फार मोठी नसते. ८६६ मेगाहर्ट्झच्या लहरीसाठीं नऊ सेंटिमीटर, आणि वायफायसाठीं तीन सेंटिमीटर एवढ्या सरकण्यानेंहि स्थिति बदलूं शकते. तेव्हां एखादी डबी बोलत नसेल तर ती बिघडली असें एकदम ठरवूं नये. ती चार बोटें किंवा वीतभर बाजूस सरकवून पुन्हां पाहावें. दुसरें असें कीं, डबीचा अँटेना पत्र्यास किंवा लोखंडी खांबास चिकटवून कधींहि बसवूं नये. धातूच्या सान्निध्यानें अँटेनाचा मेळ बिघडतो व त्याची शक्ति वाया जाते. निदान नऊदहा सेंटिमीटर अंतर सोडून, लांकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या आधारावर डबी बसवावी. चोरीच्या भीतीनें ती लोखंडी पेटींत घालून कुलूप लावणें म्हणजे पेटाऱ्यांत पेटारा करणें होय.

कोणती लहर निवडावी?

वायफायची लहर पुष्कळ माहिती वाहून नेते. चित्र पाठविणाऱ्या कॅमेऱ्यास ती पाहिजे. परंतु उष्णतेचा एक आंकडा पाठविण्यास तेवढ्या सामर्थ्याची गरज नाहीं, आणि तिला बॅटरी फार लागते. लोराची लहर हळू चालते, थोडे शब्द बोलते, पण अति क्षीण झाली तरी ओळखूं येते. लांब असल्यामुळें मालाच्या थप्प्यांतून ती वायफायपेक्षां कमी शोषली जाते. म्हणून वखारीसाठीं सामान्यतः तिची निवड करावी. वायफायच्या पट्ट्याप्रमाणेंच हा पट्टाहि आपल्या देशांत परवान्यावांचून वापरतां येतो. पूर्वीं ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ इतकी असलेली मोकळीक २०२१ सालीं ८६८ पर्यंत वाढविण्यांत आली. परदेशांतून मागविलेलीं कांहीं यंत्रें ९१५ मेगाहर्ट्झवर चालतात. तीं स्वस्त मिळालीं तरी घेऊं नयेत, कारण तो पट्टा येथें मोकळा नाहीं.

येथें शेतांतील सेन्सर व गोदामांतील सेन्सर यांतला भेद सांगणें जरूर आहे. आपल्या शेजारीं बारामतीस ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनें उंसाच्या शेतांत सेन्सर व कृत्रिम बुद्धिमत्ता यांचा प्रयोग चालविल्याचें वाचकांनीं ऐकलें असेलच. शेतांतील डबी उघड्या आभाळाखालीं असते. तिच्या वाटेंत फार तर उंसाचीं ओलीं पानें येतात. म्हणून शेतांत चाललेली मांडणी जशीच्या तशी गोदामांत चालेल, असा हिशेब करूं नये.

मांडणी

सर्व विवेचनाचें व्यावहारिक सार असें आहे: बिनतारीचें काम आंतल्या आंत ठेवावें, आणि भिंत ओलांडावयाची ती तारेनें ओलांडावी. प्रत्येक मोठ्या गोदामांत त्याचा स्वतःचा गेटवे ठेवावा. तो थप्प्यांच्या माथ्यापेक्षां उंच, इमारतीच्या मध्याच्या सुमारास, पण पत्र्यापासून अंतर राखून टांगावा. सर्व डब्यांनीं त्याच्याशीं बोलावें. मग गेटवेपासून एक तार भिंतीच्या भोंकांतून बाहेर न्यावी. कचेरी जवळ असेल तर ती तार थेट कचेरींत घ्यावी. दूर असेल तर तिच्या टोंकास मोबाईलचें सिमकार्ड असलेलें यंत्र इमारतीबाहेर सावलींत बसवावें. भोंक चांगलें लिंपून घ्यावें, नाहींतर पावसाची ओल व उंदीर त्याच वाटेनें आंत येतील.

दुसरा मार्ग फायबरच्या पत्र्याचा आहे. लहान शेडांत, कचेरीच्या बाजूच्या भिंतींत एक पत्रा काढून तेथें फायबरचा बसविला, तर पुष्कळदां तेवढ्यानें काम भागतें. तिसरा मार्ग रिपीटरचा. म्हणजे एका यंत्रानें ऐकून दुसऱ्यास सांगणें. त्यास मात्र विजेचा अखंड पुरवठा लागतो, आणि साखळींतील एक कडी तुटली तर मागचे सर्व मुके होतात. म्हणून तो नाइलाजाचा उपाय समजावा.

अँटेना छपरावर उभारला असेल तर त्यास व गेटवेस विजेपासून संरक्षण पाहिजे. आपल्याकडे पाऊस थोडा असला तरी वळवाच्या व परतीच्या पावसांत विजा पडतात. वीजरोधक व चांगली अर्थिंग यांवांचून छपरावर उंच लोखंडी काठी उभी करणें धोक्याचें आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जेथें जागा लहान व यंत्र अचल, तेथें तारेचेंच मापक बसवावें. पन्नास फुटांच्या वखारींत चार मापकांसाठीं एक केबल ओढणें स्वस्त पडतें. तिला दरवर्षीं बॅटरी लागत नाहीं, आणि पत्र्याचा तिला अडथळा नाहीं. राशीच्या पोटांतील उष्णता मोजण्यासाठींहि असेंच करावें. संपूर्ण डबी धान्यांत पुरूं नये; तारेच्या टोंकाशीं मापक असलेली सळई राशींत खुपसावी व बोलणारी डबी राशीच्या वर राहूं द्यावी.

ऊन, धूळ व धुरी

उन्हाळ्यांत आपल्याकडे पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि पत्र्यालगतची जागा त्याहूनहि पुष्कळ तापते. तेथें डबी टांगली तर ती मालाची उष्णता न सांगतां पत्र्याची सांगेल, व तिची बॅटरीहि लवकर निकामी होईल. म्हणून मुख्य डब्या थप्प्यांच्या मधल्या उंचीवर ठेवाव्या. छपराखालीं एकदोन डब्या ठेवावयाच्या त्या पत्र्याच्या घामाची सूचना मिळावी एवढ्याचसाठीं, आणि त्यांचा आंकडा निराळा वाचावा.

धान्यास धुरी देण्यापूर्वीं अधिक सावधगिरी पाहिजे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांपासून निघणारा फॉस्फीन वायु तांब्यास खातो. विजेच्या नाजूक यंत्रांतील जोड त्यामुळें हळूहळू नासतात, व डबी खोटे आंकडे देऊं लागते. धुरीपूर्वीं डब्या काढून घ्याव्या, किंवा या वायूस टिकणाऱ्या घ्याव्या. हा वायु माणसासहि प्राणघातक असल्यानें धुरीचें काम परवानाधारक माणसांवांचून कोणीं करूं नये, आणि डबी काढण्यासाठीं धुरी चालू असतां कोणीं आंत शिरूं नये.

साखर भरण्याच्या जागीं साखरेची धूळ हवेंत उडते. ही धूळ दाट झाली असतां ठिणगीनें तिचा स्फोट होतो. अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत पोर्ट वेंटवर्थ येथील साखरेच्या शुद्धीकरण कारखान्यांत ७ फेब्रुवारी २००८ रोजीं असा स्फोट होऊन १४ माणसें मृत्युमुखीं पडलीं. तेव्हां अशा जागीं धुळीच्या स्फोटापासून सुरक्षित ठरविलेलींच यंत्रें बसवावीं. साधी बाजारी डबी तेथें नेऊं नये.

भरलेल्या गोदामाची परीक्षा

विक्रेते बहुधा रिकाम्या गोदामांत यंत्र बसवून दाखवितात. रिकाम्या जागेंत प्रतिध्वनि भरपूर असतात, म्हणून सगळ्या डब्या बोलतात. पुढें माल भरला म्हणजे स्थिति पालटते. धान्यांतील ओल लहरीस शोषून घेते, आणि थप्पी जितकी उंच व ओली तितका संदेश क्षीण होतो. म्हणजे माल ओला असून जेव्हां सूचनेची गरज सर्वांत अधिक, नेमकें तेव्हांच मापक मुकें होण्याचा संभव असतो. याकरितां परीक्षा दोनदां घ्यावी: एकदां रिकामें असतां, व एकदां छपराखालपर्यंत भरलें असतां. दोन्ही वेळां दारें लावलेलीं असावीं.

परीक्षेची रीत सोपी आहे. प्रत्येक डबीस क्रमांक द्यावा व तिची जागा नकाशावर मांडावी. डबी दर पंधरा मिनिटांनीं बोलत असेल तर दिवसाचे ९६ संदेश होतात. पंधरा दिवसांत १,४४० संदेशांपैकीं किती आले हें क्रमांकवार लिहून काढावें. शंभरांतील पंचाण्णव न आले तर ती जागा बदलावी. संदेश किती बळानें पोंचतो हा आंकडाहि गेटवे दाखवितो. त्यांत निदान १० डेसिबल शिल्लक असावी, असें विक्रेत्याकडून लिहून घ्यावें. दहा डेसिबल म्हणजे शक्ति दहावा हिस्सा उरली तरी काम चालेल, इतकी सोय. जेथें संदेश कष्टानें पोंचतो तेथें लोराची डबी तोच संदेश अधिक सावकाश, अनेक पटींनीं दीर्घ वेळ उच्चारते. त्यामुळें तिची बॅटरी इतरांच्या आधीं संपते. म्हणून ज्या डबीची बॅटरी लवकर उतरते तिच्या जागेविषयीं संशय घ्यावा. सोसायटीनें करार करतांना रकमेचा मोठा हप्ता भरलेल्या गोदामाच्या परीक्षेनंतरच द्यावा.

मौन म्हणजे क्षेम नव्हे

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. समजा, एका वखारींत बारा डब्या आहेत. सोमवारीं सातव्या डबीनें ३१ अंश असें कळविलें. मंगळवारीं तिच्यापुढें नवी थप्पी लागली, आणि तिचा संदेश पोंचेनासा झाला. मोबाईलच्या पडद्यावर मात्र ३१ हा आंकडा तसाच राहिला. शुक्रवारीं चिटणीसानें पाहिलें, त्यास सर्व ठीक दिसलें. इकडे त्या कोपऱ्यांत मका तापत चालला होता. यंत्रानें खोटें कांहींच सांगितलें नाहीं. तें गप्प बसलें, आणि माणसानें त्या मौनाचा अर्थ क्षेम असा घेतला. यंत्र नसतें तर कदाचित् कोणी जाऊन राशींत हात घातला असता. म्हणून अर्धवट बसविलेला सेन्सर हा सेन्सर नसण्यापेक्षां अधिक घातक होऊं शकतो.

यावर उपाय फार खर्चाचा नाहीं. प्रत्येक आंकड्याशेजारीं तो केव्हां आला ती वेळ दिसलीच पाहिजे. कोणत्याहि डबीकडून एक तासभर संदेश न आल्यास, उष्णता वाढल्याप्रमाणेंच गजर झाला पाहिजे. गेटवे स्वतः बंद पडला तर त्याचीहि सूचना बाहेरून मिळाली पाहिजे. वीज गेल्यावर कांहीं तास चालेल अशी बॅटरी त्यास असावी. या तीन गोष्टी ज्या यंत्रांत नाहींत तें कितीहि स्वस्त असलें तरी घेऊं नये. गजर झाल्यावर कोणीं जावयाचें त्याचें नांवहि सोसायटीच्या वहींत लिहिलेलें असावें, कारण सर्वांच्या मोबाईलवर आलेली सूचना पुष्कळदां कोणीच मनावर घेत नाहीं.

आणि जुनी चाल सोडूं नये. आठवड्यांतून एकदां गोदामाचें दार उघडून, राशींत सळई खुपसून ती हातास किती गरम लागते हें पाहणें, वरच्या थरांतील पोत्यास हात लावणें, नाकानें वास घेणें, हें चालूच ठेवावें. हाताचा अनुभव व यंत्राचा आंकडा एकमेकांशीं जुळतात कीं नाहीं याची वहीवर नोंद ठेविली, म्हणजे एका हंगामांत कोणत्या डबीवर किती भरंवसा ठेवावा तें ध्यानांत येईल.

येत्या हंगामापूर्वीं ज्या सोसायट्या व ज्या बागाइतदार मंडळी असलीं यंत्रें घेण्याच्या विचारांत असतील, त्यांनीं प्रथम मोबाईल घेऊन आपल्या गोदामांत फेरी मारावी, इमारतीचा नकाशा काढावा, आणि वर सांगितलेल्या अटी लेखी मान्य करणाऱ्याशींच व्यवहार करावा. भरलेल्या गोदामांत घेतलेल्या परीक्षेचे आंकडे सभासदांनीं एकमेकांस दाखवावे, अशीहि आमची विनंती आहे. एका वखारीचा अनुभव दुसरीस उपयोगीं पडला, तर पुष्कळांचा पैसा व माल दोन्ही वांचतील.